गळाचा दोर

या सदरात लोक जे लिहितात ते मी बरीच वर्षं वाचतो आहे. खरं सांगायचं तर पान उलटलं की विसरतो. माझा अशा गोष्टींवर कधी विश्वास नव्हता, आणि आजही 'आहे' असं छातीठोकपणे म्हणवत नाही. नगरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात नोकरी केली. बनून आलेला भाग मापात आहे की नाही हे मोजायचं, नसेल तर परत पाठवायचा – एवढंच काम. जे मोजता येत नाही ते नसतं, अशी माझी साधी समजूत होती. अडचण इतकीच आहे की जे मी आता सांगणार आहे, ते मी मोजलं होतं...

साल १९९६, उन्हाळा. नेवासा तालुक्यात नाथसागराच्या बॅकवॉटरच्या काठी माझ्या साडूंचं गाव आहे. नाव देत नाही, कारण घरातली माणसं अजून तिथंच राहतात. साडूंना वसंतराव म्हणू. धरण झालं तेव्हा त्यांचं जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि नवं गाव वर माळावर बसलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गाळाची जमीन उघडी पडते. तिच्यावर लोक कलिंगडं, काकड्या करतात – गाळपेर म्हणतात तिला. वसंतरावांची गाळपेर पाण्यापलीकडच्या एका उंचवट्यावर होती. रस्त्यानं जायचं तर फार मोठा वळसा, म्हणून त्यांनी मच्छीमारांकडून एक जुनी होडी घेतली होती. अठरा फूट लांब, सपाट बुडाची, बांबूची डोलकाठी आणि खताच्या गोण्या उसवून शिवलेलं शीड. वारा असला तर शीड, नसला तर वल्ही.

या होडीची एकच दुखरी जागा होती – ती एका ठिकाणी उभी राहत नसे. येता-जाता जुन्या गावावरून जावं लागे. तिथं पाण्याखाली जुन्या बाभळीचं रान होतं. झाडं केव्हाच मेली होती, पण खोडं तशीच उभी, काहींची टोकं पाण्याच्या जेमतेम खाली. आदल्या उन्हाळ्यात वादळी वाऱ्यात वसंतरावांनी लंगर म्हणून दोराला बांधलेला दगड टाकला. गाळात दगड काय धरणार? तो घसरत गेला, होडी बाभळीवर आपटली, फळी फुटली. वसंतरावांना पोहता येतं ते विहिरीपुरतं. एका खोडाला मिठी मारून ते तसेच राहिले, मच्छीमार आले म्हणून वाचले. माझी मेहुणी पुढे कितीतरी दिवस होडी काठावरून सुटली की ती परत येईपर्यंत जेवत नसे. तिनं माझ्या बायकोला सांगितलं, बायकोनं मला. लंगराचं काम मी अंगावर घेतलं.

आमच्या कारखान्यात पूर्वी नौदलात असलेले एक गृहस्थ होते. त्यांना विचारून घेतलं. लंगर वजनानं धरत नाही, तो रुततो म्हणून धरतो. आणि रुतायचा तर ओढ आडवी लागली पाहिजे. म्हणून पाणी जेवढं खोल त्याच्या पाचपट तरी दोर सोडायचा आणि लंगराजवळ थोडी साखळी लावायची. हे मी वसंतरावांना समजावून सांगितलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "म्हंजी वीस फूट पान्याला शंभर फूट दोर. पाव्हणं, होडी बांधायची हाय का बाजार समिती?"

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात कासऱ्या-दाव्यांची दुकानं लागतात. तिथून एकशेवीस फूट नायलॉनचा दोर घेतला, आणि दहा फूट साखळी, बैलाची. दोराला दर दहा फुटांवर लाल चिंधी बांधली, म्हणजे किती सोडला ते बघूनच कळावं. राहिला प्रश्न लंगराचा. वर्कशॉपमध्ये सळया वाकवून करून आणायचं माझ्या मनात होतं. पण वसंतरावांच्या घरामागे बाभळीला एक वस्तू टांगलेली दिसली आणि मी थांबलो.

तो गळ होता. विहिरीत बादली-कळशी पडली तर काढायचा. पण घरगुती गळ असतो तसा हातभर नव्हे – चार जाड आकड्यांचा, हातानं घडवलेला, दुकानातल्या काट्यावर पुढे भरला साडेनऊ किलो. जुन्या गावात तो एकाच घरी असे आणि सगळं गाव मागायला येई. आकड्यांचा बाक बघून मला वाटलं, यापेक्षा चांगला लंगर मला करता येणार नाही.

"त्याला कोन हात लावत न्हाई," वसंतराव म्हणाले.

"का?"

"मानसं काढल्यात त्यानं. हिरीतनं. मानूस काढलेला गळ घरात घेत न्हाईत आमच्यात, भाईर टांगत्यात." मग म्हणाले, "शेवटाला वापरला तो आमच्या धाकट्या काकांसाठी. पानी चढत हुतं त्या वर्सी. घराची लाकडं काढून आनतो म्हनून गेले आन् आलेच न्हाईत. आमच्या वडलांनी ह्योच गळ घिऊन लई धुंडलं. घावले न्हाईत."

मला वाईट वाटलं, पण लोखंड ते लोखंड. गंजून चाललं होतं. मी म्हटलं, जिजींना विचारतो. जिजी म्हणजे वसंतरावांची आई. सत्तरीच्या असतील, बारीक, बोलणं कमी. त्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. त्यांनी शेंगा फोडायच्या थांबवल्या.

"कुठं टाकनार?"

"येता-जाता. थांबावं लागलं तर."

"जुन्या गावावर?"

"तिथंही लागेल कधी."

त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली. मग म्हणाल्या, "न्या. पर गळाचा दोर बांधायचा न्हाई, पाव्हणं. हातात धरायचा. खाली हाय त्याला कळलं पायजे, वर कोन हाय."

मी नम्रपणे मान हलवली. होडीचा लंगर हातात धरून कसा चालेल? वाऱ्याची ओढ माणसाच्या हाताला पेलणारी नसते. हे त्यांना सांगून काय उपयोग, असं मनात म्हणालो.

होडीचं पुढचं टोक असतं त्याला नाळ म्हणतात. तिथं मी आडवी फळी ठोकून एक कप्पा केला. त्यात गळाचे आकडे बसतील अशा खाचा, वरून ट्यूबची पट्टी – म्हणजे होडी कलली तरी गळ घरंगळून कुणाच्या पायात शिरणार नाही. दोराची वेटोळी टोमॅटोच्या क्रेटमध्ये, पाणी निथळून जावं म्हणून. गळाकडच्या टोकाची वेटोळी वर, सुटताना गुंता नको. दोराचं शेवटचं टोक नाळेवरच्या सागवानी खुंट्याला. आणि कलिंगडं किती भरायची त्याचा अंदाज यावा म्हणून नाळेवर बाहेरून पांढऱ्या रंगाच्या ओळी मारल्या, बोटभर अंतरानं. वसंतरावांना नाळेत बसवून बघितलं, होडी तिथं दोन ओळी बुडाली. मी बसलो, तरी दोन.

"म्हंजी तुमी आन् मी सारखेच भारी," वसंतराव म्हणाले. "तुमच्या मेहुनीला सांगू नका, न्हाईतर ती मला अजून खायला घालंल."

मी नगरहून दर आठवड्याच्या सुटीला जाऊ लागलो. गळ अप्रतिम धरत होता. दोर आम्ही अर्थातच खुंट्याला बांधत होतो. परत आलं की जिजी काठावर कळशी घेऊन उभ्या असत, कारण उतरताना पाय गुडघ्यापर्यंत गाळानं माखत. एकेकाच्या पायावर पाणी ओतत आणि दर वेळी विचारत, "आज गळ टाकला का?"

"टाकला," वसंतराव म्हणत.

"दोर हातात हुता ना?"

"व्हय." आणि माझ्याकडे न बघता पाय चोळत.

एकदा मात्र ते मला म्हणाले, "पाव्हणं, एक इचारू? वारं नसतानाबी दोर ताठ कसा ऱ्हातो?"

"पाण्याला ओढ असेल."

"धरनाच्या पान्याला? उनाळ्यात?"

मी दोराची एक सैल चिंधी घट्ट केली. पण उत्तर न सुचणं आणि उत्तर नसणं यात फरक आहे, असं मी तेव्हा मानत होतो.

त्या दिवशी आम्ही कलिंगडं भरून परत निघालो तेव्हा भर दुपार होती. ऊन होतं. जुन्या गावावर आलो आणि वारा एकदम पडला. शीड लोंबू लागलं. पूर्वेकडून आभाळ मातीच्या रंगाचं होत आलं आणि पाण्यावरून एक काळी रेघ आमच्याकडे सरकताना दिसली. वळवाचं वादळ. शीड उतरवेपर्यंत ते अंगावर आलं. मागे वळून बघितलं तर बाभळीचं रान बरोबर वारा आम्हाला ढकलत होता त्याच अंगाला, आणि लाट खाली गेली की खोडांची टोकं उघडी पडत होती. वसंतराव त्यांच्याकडेच बघत होते. त्यांच्या ओठांचा रंग गेला होता.

मी गळ टाकला. चिंध्या मोजत शंभर फूट दोर सोडला, खुंट्याला पक्का केला. होडीला एक झटका बसला आणि ती वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. धरलं होतं. मला अभिमान वाटला, हे कबूल करतो.

मग दोराला हिसका बसला.

लाटेचा हिसका कसा असतो ते मला माहीत होतं. नाळ वर उचलली जाते तेव्हा दोर ताणतो, खाली येते तेव्हा सैल पडतो. हा हिसका नाळ खाली आलेली असताना बसला. मग जरा थांबून दुसरा. मग तिसरा. लाटांशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांची आपली वेगळी लय होती – सावकाश, सारखी. गावाकडच्या माणसानं विहिरीतला गाळ काढायला उतरलेले गडी बघितलेले असतात. ते दोर धरून वर चढू लागले की रहाटाचा खांब जसा हिसक्या-हिसक्यानं हलतो, तसा तो सागवानी खुंटा हलत होता.

"पाव्हणं..." वसंतराव म्हणाले.

मी नाळेवर वाकून बघितलं. वीस फूट पाणी, शंभर फूट दोर, एवढा वारा. दोर पुढे लांब तिरका जायला हवा होता. तो आमच्या नाळेखाली सरळ उभा होता. ओळंबा सोडल्यासारखा. आणि तरी होडी मागे सरकत नव्हती. हिसका बसला की नाळ खाली दबत होती आणि पुन्हा तितकी वर येत नव्हती.

कलिंगडाचे देठ कापायचा विळा हाताशी होता, तो मी उचलला.

वसंतरावांनी माझं मनगट धरलं. "तोडू नका. बाभळी बघा मागं. आपन मरू."

"खाली कोणीतरी आहे," मी म्हटलं. हे वाक्य मी उच्चारलं, याचं मला आजही नवल वाटतं.

"व्हय. म्हनूनच म्हनतो. सोडा खुंट्याचा. हातात घ्या. जिजी म्हनली हुती."

गणितात ते बसत नव्हतं. भरलेली होडी त्या वाऱ्यात दोन माणसांच्या हातांनी धरून ठेवता येणार नाही, हे मी पुढे कागदावर मांडून पाहिलं आणि तेव्हाही मला समजत होतं. पण पुढचा हिसका बसला तो फार जवळून. बुडाच्या फळीखालून. मी गाठ सोडली. दोघांनी पाय आडव्या फळीला रोवून दोर मुठीत धरला.

हिसके थांबले. त्याच क्षणी.

वारा तसाच होता, लाटा तशाच. दोरावर ओढ होती, पण हाताला पेलेल एवढीच. कुणी पलीकडच्या टोकाला नुसतं धरून थांबलंय, ओढत नाही – तशी. बैल कासऱ्याला उभा असला की त्याचा श्वास दोरातून कळतो... असं काहीसं मला कळत होतं आणि ते हिसक्यांपेक्षा वाईट होतं. सोडून द्यावा असं अनेकदा वाटलं. एकदा मी तसं म्हणालोही. बोटं उघडली नाहीत. आवळून बधिर झाली होती, म्हणून असेल.

वादळ सरलं, पाऊस चार थेंब पडून गेला. पाणी सपाट झालं. आम्ही दोर ओढून घेतला. सहज आला. रोज गळ वर यायचा तो काळ्या गाळानं लडबडलेला. आज तो स्वच्छ होता. साखळीची कडी न कडी धुतल्यासारखी. त्याला काहीही अडकलेलं नव्हतं.

गळ कप्प्यात ठेवून मी वाकून नाळेवरच्या ओळी बघितल्या. कलिंगडं भरल्यावर निघताना पाणी चौथ्या ओळीला होतं, मी बघून ठेवलं होतं. आता सहावीला होतं. आम्ही दोघंही होडीच्या मागच्या भागात आलो. आत साचलेलं पाणी उपसून टाकलं. कलिंगडं मागे सरकवली. मी परत पुढे वाकलो. पाणी अजून सहाव्या ओळीलाच होतं.

"किती?" वसंतरावांनी विचारलं.

मी दोन बोटं दाखवली. त्यांना ते कळलं. नाळेत एक माणूस बसला की दोन ओळी, हे त्यांनीच बसून बघितलं होतं.

वारा नव्हता, वल्ही मारावी लागणार होती. वल्ही मारणाऱ्याची पाठ नाळेकडे असते. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो, मागच्या पाण्याकडे तोंड करून, आणि काठ येईपर्यंत एकदाही मान वळवली नाही. वळून दिशा बघायला हवी होती. ती आम्ही मागे राहिलेल्या बाभळींवरून धरली. मानेवर गार वाटत होतं. पावसानंतर वाटतंच. वसंतराव तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होते, देवाचं नाव असेल असं मला वाटलं, पण ते हळूच म्हणत होते, "आलंच घर... आलंच."

कुणाला म्हणत होते, ते मी विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही.

जिजी काठावर होत्या. वादळात भिजल्या होत्या तरी घरात गेल्या नव्हत्या. आम्ही होडी काठापासून हातभर अलीकडे, गुडघाभर पाण्यात तरंगती ठेवली – फळ्या गाळात रुतू नयेत म्हणून रोज तशीच ठेवायचो – आणि उतरलो. जिजींनी आमच्या हातांकडे बघितलं. सालटी निघाली होती.

"हातात धरला," त्या म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता.

"व्हय," वसंतराव म्हणाले. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा ते खरं सांगत होते.

"सोडला न्हाई ना मधी?"

"न्हाई."

त्यांनी वसंतरावांच्या पायावर पाणी ओतलं. मग माझ्या. मग एक पाऊल पुढे झाल्या, आणि कळशीत राहिलेलं सगळं पाणी नाळेसमोरच्या मोकळ्या जमिनीवर ओतलं. सावकाश, धार न मोडता, पाय चोळायला वेळ द्यावा तसं.

माझी नजर ओळींवर होती. रिकामी नाळ अजून दबलेली होती. मग ती वर आली. एक ओळ... दुसरी ओळ. उसळून नाही. म्हातारं किंवा थकलेलं माणूस जपून पाय खाली ठेवतं, तशी. पाण्यावर एक लहान तरंग उठला आणि काठाला येऊन मोडला.

जिजी वळल्या आणि घराकडे चालू लागल्या. नेहमीपेक्षा हळू. मधेच एका दगडापाशी त्या जराशा बाजूला झाल्या, वाट अरुंद होती तिथं.

त्या रात्री मी नगरला परतलो नाही, शेवटची एसटी गेली होती. पण झोपलोही नाही. ओट्यावर अंथरूण घातलं होतं ते उचलून मी आत, वसंतरावांच्या शेजारी नेऊन टाकलं. त्यांनी जागा करून दिली.

सकाळी मी जे करता येईल ते सगळं केलं. रिकामी होडी, भरलेली होडी, ओला दोर, कोरडा दोर. दोर भिजून जेवढा जड होतो त्यानं ओळ हलतसुद्धा नाही. मी नाळेत बसलो तर दोन ओळी, उतरलो की परत जागेवर. होडीत काही दोष नव्हता. ओळी चुकीच्या मारलेल्या नव्हत्या. मोजणारा घाबरलेला होता, हे एकच कारण कुणी देऊ शकेल, आणि ते मी नाकारत नाही. पण काठावर नाळ वर येताना वसंतरावांनीही बघितली होती, आणि त्यासाठी त्यांना ओळी मोजाव्या लागल्या नव्हत्या.

गळ पुन्हा बाभळीला टांगावा म्हणून मी तो घेऊन परसात गेलो. जिजी चूल पेटवत होत्या.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "आता काय करायचा तो? भंगारवाला आला की देऊन टाका."

मी त्यानंतर वर्कशॉपमध्ये नवा लंगर करून दिला. तो चांगला धरतो. दोर खुंट्यालाच बांधतात, वारं नसलं की सैल पडतो, जसा पडायला हवा. जिजी पुढे काही वर्षांनी गेल्या. होडी काठाला लागली की त्या पाणी ओतायला शेवटपर्यंत येत, पण त्या दिवसानंतर त्यांनी गळाचं कधी विचारलं नाही.

काय झालं ते मला सांगता येत नाही. जे मोजलं ते लिहिलं. एका गोष्टीचा मात्र मी अजून विचार करतो. दर खेपेला त्या पाण्याची कळशी घेऊन उभ्या असायच्या आणि विचारायच्या, "आज गळ टाकला का? दोर हातात हुता ना?" मला वाटायचं, त्यांना आमची काळजी आहे.